कचऱ्याचं वजन नेमकं कुठे करायचं?

पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहिताना 'शहरातील घरगुती कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण सुधारणे' असा विषय बरेच जण घेतात. विषय चांगलाच आहे. पण मुलाखतीत समोरचे विचारतात, "सुधारणा झाली हे कशावरून ठरवणार?" आणि उत्तर येतं, "रिसायकलिंगचा दर वाढला की." या एका दराकडे आज जरा नीट बघू. तो चुकीच्या जागी मोजला तर निष्कर्ष चक्क उलटा निघू शकतो.

उदाहरण पुण्याचं घेऊ. इथे १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांचं उत्पन्न दोन वाटांनी येतं: घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे. यातली दुसरी वाट लक्षात ठेवा.

आता घरातून निघालेला कचरा कसा जातो ते पाहा. वर्तमानपत्रांची रद्दी तर घरातूनच थेट रद्दीवाल्याकडे जाते. ती कचऱ्यात येतच नाही. बाकीचा कचरा कचरावेचक ताई दारातून उचलतात. त्यातला पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा बाजूला काढून भंगारवाल्याला विकतात. उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो आणि गाडीचं वजन काट्यावर होतं. म्हणजे काट्यावरची नोंद सुरू होते तोवर रिसायकलिंगचा मोठा भाग उरकलेला असतो.

हे आकड्यांत मांडू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. एका वस्तीतून रोज १०० किलो कचरा निघतो. ताई त्यातून १२ किलो भंगार काढतात. काट्यावर ८८ किलो पोचतो आणि केंद्रावर त्यातून आणखी ४ किलो वेगळा होतो. कागदोपत्री दर: ८८ पैकी ४, म्हणजे साधारण ४.५ टक्के. प्रत्यक्षातला दर: १०० पैकी १६, म्हणजे १६ टक्के.

समजा, आता तिथे बंदिस्त कॉम्पॅक्टर गाड्या आल्या. सगळा १०० किलो कचरा थेट गाडीत गेला. दाबला गेल्यामुळे ओला-सुका एकत्र झाला, कागद भिजला आणि केंद्रावर १० किलोच कामाचा निघाला. कागदोपत्री दर ४.५ वरून १० टक्क्यांवर गेला, दुपटीहून जास्त! प्रत्यक्षात तो १६ वरून १० वर घसरला. शिवाय ताईंच्या हातचं १२ किलो भंगार गेलं, म्हणजे त्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा गेला. तुमच्या प्रबंधात मात्र 'यशस्वी प्रयोग' अशी नोंद होणार, आणि उद्या कुणी धोरण ठरवताना तोच आकडा पुढे करणार.

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी आधी स्पष्ट लिहा.

पहिली, सीमारेषा. तुमचा छेद 'घरातून निघालेला कचरा' आहे की 'काट्यावर पोचलेला कचरा'? दुसरा घेतलात, तर भंगाराच्या दुकानातली विक्री वेगळी मोजावी लागेल. दोन शहरांची तुलना करताना तर हे आधी तपासाच.

दुसरी, मोजण्याची पद्धत. "तुम्ही कचरा वेगळा करता का?" असं विचारलं की बहुतेक घरं 'हो'च म्हणतात. प्रश्नावली जरूर घ्या, पण सोबत बादलीही तपासा. ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिलेलं होतं; सध्या लागू असलेल्या नियमांतलं वर्गीकरण बघून ते वापरा. सुका कचरा भिजला की वजन वाढतं, त्यामुळे तो कुठल्या अवस्थेत तोलला हे नोंदवा. एका दिवसाच्या वजनावर भिस्त ठेवू नका. रविवारचा, गणपतीतला आणि दिवाळीच्या साफसफाईतला कचरा एकसारखा नसतो.

तिसरी, तुलनेचं एकक. एकाच सोसायटीतल्या निम्म्या घरांना माहितीपत्रक देऊन उरलेल्यांशी तुलना करू नका. शेजारी एकमेकांशी बोलतात, आणि सगळ्यांचा कचरा नेणारी ताईही तीच असते. अख्खी सोसायटी हेच एकक धरा, आणि नमुन्याची संख्या घरांवरून न ठरवता सोसायट्यांवरून ठरवा. काही सोसायट्यांत फक्त मोजणी करा. कुणीतरी बादली बघतंय म्हटल्यावर लोक आपोआप शिस्तीत वागतात. तो परिणाम किती आणि तुमच्या उपक्रमाचा किती, हे त्यावरूनच वेगळं करता येईल.

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी, परवानगी घेऊन, एका कचरावेचक ताईंबरोबर पूर्ण फेरी करा आणि भंगाराच्या दुकानापर्यंत जा. आल्यावर कचऱ्याच्या वाटांचं चित्र काढा. जिथे वजन होतं तिथे एक खूण करा, जिथे होत नाही तिथे दुसरी. बहुतेक वेळा तुमचा संशोधन प्रश्न त्या दुसऱ्या खुणेपाशीच सापडेल.