वायफाय ‘जातं’ तेव्हा नेमकं काय जातं?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एकाच प्रश्नाला सर्वांत जास्त हात वर झाले होते. घरातलं वायफाय सारखं तुटतं, काय करायचं? म्हणून आज तोच विषय घेतलाय. (मागून आवाज: राउटर बंद करून चालू करायचा! हशा.) बरोबर, तेच सगळे करतात आणि बऱ्याचदा ते चालतंही. पण का चाललं ते कळत नाही, आणि दोन तासांनी आपण पुन्हा तिथेच. राउटर बंद करून चालू केला की तो नवा चॅनल निवडू शकतो, कंपनीकडून नवा पत्ता घेऊ शकतो, थोडा थंडही होतो. म्हणजे दुखणं तात्पुरतं दबतं आणि पुरावाही पुसला जातो. म्हणून आजची पहिली विनंती: बटण दाबण्याआधी एक मिनिट थांबा आणि बघा.

काय बघायचं? ‘नेट गेलं’ हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळे दुवे आहेत. पहिला, तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचा. हा हवेतून जातो, आणि खरं वायफाय म्हणजे एवढंच. दुसरा, राउटरपासून कंपनीपर्यंतचा. आजकाल बहुतेक शहरी घरांत ही काचेची बारीक तार, म्हणजे फायबर असते. तिसरा, कंपनीपासून पुढच्या जगापर्यंतचा. यातला कुठला दुवा तुटला हे कळलं की अर्धं काम झालं.

ते ओळखायला फार काही लागत नाही. नेट गेलं की आधी फोनवर वायफायची खूण बघा. खूणच नाहीशी झाली, तर पहिला दुवा संशयित. खूण भरलेली आहे पण काही उघडत नाही, तर राउटरकडे जा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर तारेतून प्रकाशच पोचत नाहीये, दुसरा दुवा गेला. दिवे नेहमीसारखे हिरवे असतील, तर गडबड राउटरच्या आत किंवा कंपनीच्या पलीकडे असू शकते. लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलनं थेट राउटरला जोडा. तारेवर नेट व्यवस्थित चालतं आणि हवेतून तुटतं, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. दोष घरातच आहे.

आणखी पक्कं करायचं तर ‘पिंग’ वापरा. ही दुसऱ्या यंत्राला हाक मारून ओ येते का ते पाहणारी छोटी आज्ञा. एका खिडकीत राउटरला हाक मारत राहा (बऱ्याच घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ ला. राउटरकडूनच ओ बंद झाली तर पहिला दुवा. राउटर ओ देतोय, पण बाहेरून येत नाही, तर पुढचे दुवे.

आता पहिल्या दुव्याचं बघू. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब पोचतं, भिंती बऱ्यापैकी पार करतं, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच गल्लीत. त्यात चॅनल भरपूर दिसले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये यांपैकी कमी गर्दीचा निवडा. ५ ची पट्टी मोकळी आणि वेगवान, पण दोन भिंतींनंतर दमते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर आतल्या खोलीतला फोन कधी हिच्यावर, कधी तिच्यावर उड्या मारतो आणि मधे तुटतो. दोघींना वेगळी नावं देऊन बघा. आणि राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा माळ्यावर कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा.

दुसऱ्या दुव्याची गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीत एक बाई घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. पावसाळ्यात संध्याकाळी त्यांचं नेट जायला लागलं. तीन तक्रारी झाल्या. माणूस यायचा तो कोरड्या सकाळी. सगळं ठीक आहे म्हणून तक्रार बंद करून जायचा. मुलांचे पालक कंटाळले. बाराची शिकवणी सातवर आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, पावसामुळे होतंय.

आम्ही त्यांना एक वही घालायला सांगितलं. नेट गेलं की वेळ, दिव्याचा रंग, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. आठवड्याभरात वहीच बोलायला लागली. दर वेळी दिवा लाल. पण एका संध्याकाळी पाऊस होता, खिडकी उघडी होती, आणि नेट चालू. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, खाली कुणीतरी कचरा जाळला म्हणून खिडकी लावली, आणि नेट गेलं. फायबर सरकत्या खिडकीच्या फटीतून आत आलं होतं. पाऊस आला की खिडकी बंद, तार चेपली, नेट गेलं. काचेची तार जास्त वाकली की प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. तार तुटलेली नसते, म्हणून खिडकी उघडली की सगळं ठीक!

त्यांनी ती वही कंपनीच्या माणसाला दाखवली. या वेळी त्यानं वाद घातला नाही. भिंतीत भोक पाडून नवी तार नळीतून घेतली. (एक सूचना: अशी तार स्वतः सोडवून तिच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.)

तक्रार करताना ‘नेट सारखं जातं’ असं सांगू नका. ‘लाल दिवा लागतो, अमुक वेळी, इतकी मिनिटं, लॅन केबलवरही तेच’ असं सांगा. दिवे हिरवे, राउटर ओ देतोय आणि तारेवरही नेट नाही, तर तेही तसंच सांगा. मग ‘राउटर बंद-चालू करून बघा’ एवढ्यावर बोळवण होत नाही.

त्या बाईंची दोन मुलं परत आली, बाकीची नाही आली. वही दोन महिने आधी घातली असती तर? म्हणून म्हणतो, आज घरी गेलात की राउटरशेजारी एक वही आणि पेन ठेवा. आता प्रश्न घेऊ या.