ठिणग्या उडाल्या म्हणजे धार लागली असं नाही

पावसाळी बंदी उठून मिरकरवाडा बंदरात मासळी यायला लागली, की घरच्या विळीची धार गेलीय हे सुरमईच्या काट्यावरच कळतं. मग धार लावायचं मशीन घ्यायचा विचार डोक्यात येतो. रत्नागिरीच्या घरात विळी, सुरी आणि आकडीला अडकवलेली कोयती अशी तिन्ही पाती असतात. एकच मशीन तिघांना पुरेल, असं बहुतेकांना वाटतं.

जितका वेग जास्त तितकी धार चांगली, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेतो. 150 मिलिमीटरच्या चाकाची कड तेव्हा सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने पात्याला घासते. धारेकडचं पोलाद कागदासारखं पातळ असतं, तिथली उष्णता जाणार कुठे? साध्या पोलादाची धार 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळी पडते. तो निळा डाग दिसला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. तिथली धार लावल्या दिवशी कापते आणि थोड्याच वापरात बसते.

‘मग लगेच पाण्यात बुडवायची,’ असं म्हणतात. निळी पडल्यावर बुडवून काही परत येत नाही. पातं पुन्हा कडक करायचं तर ते लालबुंद तापवून विझवावं लागतं, मग बेताने शेकावं लागतं. ते लोहाराचं काम आहे. पाणी उपयोगी पडतं ते आधी. पातं हाताला कोमट लागलं की बुडवा, चाकाला अलगद टेकवा, सरकवत राहा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. माझ्या मते घरच्या पात्यांसाठी बेंच ग्राइंडर फक्त मोठा खांडा काढायला वापरावा.

अँगल ग्राइंडर तर त्याहून वेगवान. त्याला कापायची पातळ चकती लावून तिच्या बाजूने कोयती घासणारे पाहिले की काळजात धस्स होतं. ती चकती फक्त कडेने कापायला बनवलेली असते. बाजूने जोर आला तर फुटून तुकडे अंगावर येतात.

खाचेतून सुरी ओढायचा विजेवरचा शार्पनर पातळ, सरळ सुरीला ठीक. विळीचं पातं पाटाला जखडलेलं आणि वाकडं, ते खाचेत जाणारच नाही. नारळावर, बांबूवर पडणाऱ्या कोयतीला सुरीपेक्षा जाड कोनाची धार लागते, नाहीतर ती तुटते. तिच्या आतल्या वळणाला कानसच बरी.

विजेचंच हवं असेल, तर पाण्यात फिरणारं संथ चाक घ्या. 250 मिलिमीटरचं चाक मिनिटाला नव्वदेक फेरे घेतं, पातं तापत नाही. किंमत मात्र दणदणीत आहे. एक विळी आणि दोन सुऱ्यांच्या घराला ओला निसणा पुरतो. एका बाजूने घासत राहा. पलीकडच्या कडेला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागली, की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने ती खरखर काढली नाही, तर पहिल्या बांगड्यालाच धार दुमडते.

आणि स्टेनलेस गंजत नाही, हेही खरं नाही. खाऱ्या पाण्याने त्यावर बारीक खड्डे पडतात, तेही नेमके धारेवर. मासे कापून झाले की पातं लगेच धुऊन कोरडं करा. साध्या पोलादाच्या विळीला वर खोबरेल तेलाचा हात फिरवा.