दोन गर्डर टाकले, पण जोडले का? भिंत काढण्यापूर्वी हे समजून घ्या

जुन्या घराची भार पेलणारी भिंत काढली की तिच्या जागी लोखंडी गर्डर टाकतात. एक पुरत नसेल तर दोन. मात्र ते नुसते एकावर एक ठेवले, तर भाराखाली वेगवेगळे वाकतात आणि एकमेकांवरून सरकतात. वेल्डिंग किंवा बोल्टने हे सरकणे रोखले, की दोन्ही मिळून एकच उंच गर्डर तयार होतो.

फरक किती? सारख्या मापाच्या दोन लोखंडी पट्ट्या एकावर एक पक्क्या जोडल्या, तर सुट्या जोडीपेक्षा ताकद 2 पट होते आणि वाकणे 1/4 वर येते.

भार सगळीकडे सारखा असेल, तर सरकण्याचा जोर टेकूंजवळ सर्वाधिक असतो. तिथेच जोड कमी पडला, तर दुसऱ्या गर्डरचा खर्च बराचसा वाया. म्हणून जोड किती आणि कुठे, हे फॅब्रिकेटरच्या अंदाजावर न सोडता स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ठरवून घ्यावे.