पटकीचे विष आणि पाण्याचा आचार

पावसाळ्यात वर्धा नदी गढूळ होते आणि पुलगावसारख्या नदीकाठच्या गावात पिण्याच्या पाण्याची विशेष काळजी घ्यावी लागते. याच काळात चातुर्मास येतो. पाणी गाळून, उकळून वापरण्याचा आचार जैन घरांतून कटाक्षाने पाळला जातो. त्याचे मूळ जीवदयेत आहे. परंतु पटकी, म्हणजेच कॉलरा, समजून घेतला की त्याचे आरोग्यमूल्यही ध्यानात येते.

पटकीत खरी हानी करते ते जंतूंनी सोडलेले विष. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साचते, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले.

या विषाची रचना दुहेरी आहे : पाच सारख्या घटकांचे एक कडे आणि त्यावर बसलेला सहावा घटक. कडे आतड्यातील पेशीच्या आवरणाला घट्ट चिकटते व प्रवेश मिळवून देते. मग सहाव्या घटकाचा एक तुकडा सुटून आत पोहोचतो आणि पेशीतील एका नियंत्रक प्रथिनाची कळ सतत चालू ठेवतो. पेशी क्षार बाहेर टाकत राहते. क्षारामागोमाग पाणी जाते. तीव्र आजारात ताशी एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते आणि काही तासांत प्राणावर बेतते.

मात्र साखर व मीठ एकत्र शोषून घेणारी आतड्याची वाट या विषाला बंद करता येत नाही. साखर-मिठाच्या पाण्याचे सामर्थ्य यातच आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले.

बांगलादेशातील खेड्यांत घडी घातलेल्या सुती साडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही सुटे जंतू कापडातून निसटतात. म्हणून गाळल्यावर उकळणे आवश्यकच.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्यावे. ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. रुग्णाचा चौविहार असला, तरी सकाळची वाट पाहणे घातक ठरेल. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधोपचाराचे आगार पच्चक्खाणातच ठेवलेले आहे. अशा रात्री ते पाणी हेच औषध होय.