कृषिसाहाय्य सेवांचे समन्वयन

शेतकरी कुटुंबास लागणारे तांत्रिक मार्गदर्शन, बी-बियाणे, पतपुरवठा, मृद्‌संधारण, पशुवैद्यकीय मदत, पीकविमा व विक्रीव्यवस्था ही निरनिराळ्या यंत्रणांकडून मिळणारी साहाय्ये परस्परांशी व हंगामाशी जुळवून देण्याची व्यवस्था.

तिची निकड लेण्यांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या अजिंठ्याच्या परिसरात स्पष्ट दिसते. सिल्लोड तालुक्यातील हे गाव अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावर असून आसपासची शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. कापूस व मका ही खरिपाची महत्त्वाची पिके. पाऊस पडताच पेरणी साधावी लागते. म्हणून कर्ज, बियाणे व खते त्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत हाती यावी लागतात. परंतु सातबाराचा उतारा महसूल खात्याचा, कर्ज विकास सोसायटीचे वा बँकेचे, बियाणे बहुधा खाजगी दुकानातले व सल्ला कृषी खात्याचा, अशी विभागणी असते. एक दुवा निसटला की उरलेले निरुपयोगी ठरतात. पेरणी उलटल्यावर मंजूर झालेले कर्ज बियाण्याच्या कामी येत नाही. सावकाराचे देणे मात्र मागे राहते.

समाजविकास योजना (१९५२) व राष्ट्रीय विस्तार सेवा (१९५३) यांनी ग्रामसेवक हा सर्वकामी कार्यकर्ता नेमला; त्याच्यावर इतकी कामे पडली की शेतीकडे लक्ष पुरेनासे झाले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. पुढे प्रशिक्षण व भेट पद्धतीने केवळ शेतीसल्ल्यासाठी कर्मचारी दिले आणि त्यांच्या पंधरवड्याच्या भेटी ठरवून दिल्या. सल्ला नियमित झाला, पण कर्ज व निविष्ठा त्या पद्धतीच्या कक्षेबाहेरच होत्या. १९९८ मध्ये राज्यात ‘एक खिडकी’ पद्धतीने कृषी, फलोत्पादन व मृद्‌संधारण यांचे कर्मचारी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या हाताखाली एकत्र आले.

त्याच सुमारास कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा (आत्मा) प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या नियामक मंडळात संबंधित खाती, कृषी विज्ञान केंद्र, अग्रणी बँक व शेतकरी यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार मात्र या मंडळास नाही. तो बँकांकडेच आहे.

अलीकडे अनेक योजनांसाठी एकाच संगणकीय संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्याचा आधार बहुतांशी जमिनीची नोंद हाच असल्याने, सातबारावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया व तोंडी कराराने जमीन कसणारे बटाईदार यांना त्याचा लाभ क्वचितच मिळतो.