घरातील वायुगळती आणि सूचक यंत्राची निवड

स्वयंपाकाचा गॅस आता शहरापुरता राहिलेला नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांतील अनेक घरांत सिलिंडर पोहोचला आहे. त्यासोबत गळतीचा धोकाही आला. मुळात या वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र दर्पाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. परंतु झोपलेल्या माणसाला वास जागे करीलच असे नाही. पडसे झालेल्याचे नाक चालत नाही, वृद्धांचे मंदावलेले असते. अशा वेळी सूचक यंत्र, म्हणजे गॅस डिटेक्टर, उपयोगी पडते.

यंत्र घेताना बहुतेक ग्राहक प्रथम किंमत विचारतात. पहिला प्रश्न मात्र घरात कोणता वायू येतो, हा असला पाहिजे. सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळती झाली की जमिनीलगत साचतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नळाने येणारा वायू मुख्यत्वे मिथेन असतो. तो हवेहून हलका असून छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरी यंत्र जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीच्या आत, तर नळाच्या वायूसाठी छतापासून तेवढ्याच अंतरात बसवावे लागते. सिलिंडरच्या घरी हेच यंत्र हाताला सोयीचे म्हणून ओट्यावरच्या प्लगमध्ये खोचले, तर खाली वायू साचत असतानाही ते बराच वेळ गप्प राहते आणि घरची मंडळी निर्धास्त असतात. असे यंत्र नसलेले बरे.

हवेत सिलिंडरमधील वायूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच स्वयंपाकघरात तेवढ्यासाठी सुमारे एक किलो वायू पुरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. शिवाय वायू तळाशी साचत असल्यामुळे तेथे ही मर्यादा त्याहून लवकर गाठली जाते. चांगले यंत्र या मर्यादेच्या बरेच आधी, तिच्या पाचव्या हिश्शाच्या आत, घंटा वाजविते. युरोपीय मानकाची अट तशीच आहे. खोक्यावर ही पातळी छापलेली नसेल, तर विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागावे.

पुष्कळ घरगुती यंत्रांत कथिलाच्या ऑक्साइडचा तापविलेला संवेदक असतो. सुगंधी फवारा, रंगातील द्रावके, मद्यार्काची वाफ यांनीही तो चाळवतो. वरचेवर खोटी घंटा वाजली की कोणीतरी प्लग काढून ठेवतो, आणि तो पुन्हा लावायचा राहून जातो. यासाठी यंत्र शेगडीला अगदी चिकटून नसावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावी बॅटरीची जोड असलेलेच घ्यावे. संवेदकाचे आयुष्यही मर्यादित, बहुधा पाच वर्षांच्या आसपास, असते. तेव्हा बदलण्याची तारीख पाहावी. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरासाठी खरेदी करताना ती तारीख साठा नोंदवहीत लिहून ठेवणे इष्ट.

आणखी एक गैरसमज आढळतो. न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे साचणारा कार्बन मोनॉक्साइड हे यंत्र ओळखत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र लागते.

घंटा वाजताच दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, पंखाही लावू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर सिलिंडरच्या गळतीची खबर द्यावी.