आखाजीला सैल, पोळ्याला घट्ट

दुकानातलं फर्निचर, घरचे हात : लेखांक 8

मुठी बदलून झाल्या, आता पॉलिश, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. ते दसऱ्यानंतर करू. श्रावणातल्या दमट हवेत स्पिरिटचं पॉलिश मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते आणि केलेलं सगळं काम घासून काढावं लागतं. शिवाय धुळ्याच्या देवपुरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा प्रश्न पॉलिशच्या आधी सुटलेला बरा.

त्या लिहितात, ‘पावसाळ्यात लाकूड फुगतं हे ठाऊक आहे. पण आमच्या ड्रेसिंग टेबलाचा वरचा खण गेल्या वर्षी भर मे महिन्यात अडकला. सुताराने रंधा मारून दिला, तर थंडीत तो खुळखुळायला लागला. असं का?’ उत्तर त्यांनीच पाठवलेल्या फोटोत आहे. टेबल खिडकीला लागून आहे आणि खिडकीत कूलर बसवलेला आहे.

खान्देशातला मे म्हणजे पारा 45 अंशांच्या आसपास आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली. अशा हवेत लाकूड स्वतःतलं पाणी सोडत जातं, ते थेट पाच-सहा टक्क्यांपर्यंत. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की तेच लाकूड पाणी ओढून चौदा-पंधरा टक्क्यांवर पोचतं. कूलर ओल्या जाळीतून हवा आत फेकतो. म्हणजे बाहेर आखाजी असताना त्या टेबलापुरता रोज पोळा. सुताराने फुगलेला खण तासला, कूलर बंद झाला, लाकूड आपल्या मूळ मापावर आलं आणि फट उघडी पडली.

ही हालचाल किती मोठी असते? ओलं सागवान पूर्ण वाळलं तर वर्षवलयांच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आकसतं, वलयांना काटकोनात 2.5 टक्के, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. आठ इंच उंचीच्या दर्शनी फळीचा हिशेब मांडला, तर कोरड्या मेपासून दमट ऑगस्टपर्यंत ती तीन मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. पॉलिश चांगलं असेल तर कमी. शीशम आणि आंब्याच्या लाकडाचे आकडे थोडे वेगळे, पण चाल हीच. खण बाहेर काढून फळीचं टोक उजेडात धरा. वलयं फळीच्या रुंदीला समांतर आडवी पसरलेली असतील तर ती फळी जास्त हलणार. उभ्या रेघांसारखी असतील तर निम्म्याच्या आसपास.

म्हणूनच लाकडी खण अडतो तो बहुधा खाली-वर, डाव्या-उजव्या कुशीला क्वचितच. फळीची लांबी आडवी असते आणि लांबी वाढत नाही. ‘चॅनल बसवले की कटकट मिटेल का?’ असं बरेच जण विचारतात. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणजे खण इंचभर अरुंद करावा लागतो. एवढं करूनही दर्शनी फळी उंचीत फुगून वरच्या पट्टीला घासायची ती घासतेच. चॅनलने खण हलका सरकतो, ऋतू थांबत नाही.

आपल्याकडच्या गाडीसुतारांना हे पुरतं माहीत होतं. बैलगाडीच्या चाकाचे पुठ्ठे उन्हाळ्यात वाळून आकसले की लोखंडी धाव ढिली पडायची. मग चाकं पाण्यात ठेवायची. लाकूड फुगून धाव पुन्हा पक्की. पुठ्ठे, आरे आणि तुंबा यांच्या सांध्यांत ही वाढ-घट आधीच धरलेली असे. दुकानातलं टेबल करणाऱ्या कारागिराला ते जळगावच्या उन्हात जाणार की कोकणातल्या पावसात, हे माहीत नसतं. भारतीय मानक 287 तर हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून, कुठे लाकूड किती वाळलेलं हवं ते सांगतं. जोधपूरच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेला खण इथल्या पावसात अडणारच. घरी आल्यावर त्याला आपल्या हवेला लावायचं काम आपलं.

ते असं करा. अडकलेला खण मुठीला धरून हिसडू नका, नव्या मुठी स्क्रूसकट हातात येतील. टेबलाच्या पाठीचा पातळ प्लाय स्क्रू काढून सोडवा आणि खण मागून ढकला. बाहेर आला की पंख्याखाली ठेवा, उन्हात ठेवलात तर फळी वाकेल. मग वरच्या-खालच्या कडांना खडू फासून खण आत-बाहेर करा. जिथला खडू पुसला जाईल तिथेच घासतंय. तिथे मेणबत्ती घासून पाहा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. रंधा लावायचाच झाला तर पोळ्याला कागदापुरती फट सोडा, कारण लाकूड आता याहून वाढणार नाही. आखाजीला तासत असाल तर रुपयाची दोन नाणी एकावर एक जातील एवढी. कूलरसमोरचं टेबल मात्र आधी हलवा, मग दोन-तीन आठवडे थांबा आणि त्यानंतरच रंधा हातात घ्या.

हे सगळं अस्सल लाकडाचं. टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर ऋतूप्रमाणे त्यात फारसा फरक पडत नाही, पण कानबाईच्या आधी घर धुताना पायाशी पाणी साचलं की कडा फुगतात त्या कायमच्या. तिथे उपाय पायांचा. त्यावर पुढच्या आठवड्यात.

तोवर एक काम करा. खणाच्या दर्शनी फळीची उंची आज मोजा आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा. आखाजीला पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हे तुमच्या घराचं, तुमच्या खोलीचं माप. पुढे नवा खण केलात किंवा जुना तासलात, तर फट त्याच मापाने सोडायची.